पांढरी कुठे थांबते

तो माणूस पहिल्या दोन फ्रेम हरला, तेव्हा मला त्याची दया आली होती.

नव्वदच्या दशकाची अखेर. नागपूरच्या धरमपेठेत एका कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, तीन टेबलांचं पूल पार्लर होतं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. परीक्षा संपली तरी गावी गेलो नव्हतो, कारण त्या महिन्यात माझा हात चांगला बसला होता. मे महिन्याची दुपार, बाहेर 45 अंश. आत खिडकीत वाळ्याचा कूलर घरघरत होता. तो माणूस चाळिशीचा असेल. पायात चपला, खिशाला पेन, हातात रेक्झिनची बॅग. पतसंस्थेच्या वसुलीला निघालेला एजंट वाटावा असा. स्टँडमधली हाताला आली ती काठी त्याने उचलली, चॉक लावायचंही त्याला सुचलं नाही. म्हणाला, "एखादी फ्रेम होऊन जाऊ दे ना, भाऊ."

पहिली फ्रेम टेबलाच्या पैशांवर झाली. हरेल त्याने तासाचे पैसे द्यायचे, ही पार्लरची रीत. तो हरला. दुसरी 20 रुपयांवर, तीही हरला. काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी लटकला आणि मी तो टाकला. तिसरी 50 वर. ती तो जिंकला आणि स्वतःच इतका चकित झाला की मला हसू आलं. मग 100. दिवेलागणीपर्यंत माझे 600 रुपये गेले होते. जूनच्या खानावळीचे होते ते. आणि एवढं होऊनही एकही फ्रेम त्याने मला धुऊन काढली असं नाही. दर वेळी एका बॉलने जिंकला. दर वेळी मला वाटत राहिलं की पुढची माझीच.

तो गेल्यावर पार्लरच्या म्हाताऱ्या मार्करने टेबलावर ब्रश फिरवता फिरवता मला एकच वाक्य सांगितलं. "तू बॉलकडे पाहून राहिला होता. पांढरी पाह्याची असते, बाबू."

पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मी हा खेळ पाहत आलो, थोडाफार खेळत आलो. या खेळाबद्दल मला जे काही कळलं, ते सगळं त्या एका वाक्यातूनच उलगडत गेलं आहे.

कच्चा खेळाडू रंगीत बॉलकडे पाहतो. बॉल पॉकेटमध्ये पडला की त्याचं काम संपलं, मग तो पांढरी कुठे गेली ते शोधायला टेबलाभोवती फिरतो. पक्का खेळाडू काठी लावण्याआधीच ठरवतो की पांढरी कुठे थांबणार, कारण पुढचा शॉट तिथूनच खेळायचा असतो. पांढरीला मध्याच्या वर मारलं तर ती बॉलमागे धावते, खाली मारलं तर मागे परतते, बाजूला मारलं तर कुशनवरून वेगळ्या कोनात सुटते. आठ-बॉलमध्ये आपले सात बॉल आणि शेवटी काळा, म्हणजे आठ शॉट. चांगल्या खेळाडूच्या डोक्यात ते आठही शॉट उलट्या क्रमाने, काळ्यापासून मागे मागे, आधीच लागलेले असतात.

आता चुकण्याचं सोंग करायचं तर बॉल चुकवणं सोपं आहे. पॉकेटच्या जबड्याला बोटभर आधी लावला की झालं. पण पांढरीचं काय? ज्याचा हात वीस वर्षं पांढरी सांभाळण्यात घडला आहे, त्याला ती मोकाट सोडवत नाही. त्या दुपारी त्याने चुकवलेला प्रत्येक बॉल आठवून पाहिला तेव्हा मला ते दिसलं. बॉल चुकायचा, पण पांढरी दर वेळी लांबच्या कुशनला चिकटून थांबायची. कुशनला चिकटलेल्या पांढरीला फक्त वरूनच मारता येतं, खाली काठी लागतच नाही. म्हणजे चूक त्याची आणि अडचण माझी. शिवाय त्याचा चुकलेला बॉल पॉकेटच्या तोंडाशी उभा राहायचा आणि माझ्या बॉलची वाट अडवायचा.

आणखी एक गोष्ट. पहिल्या फ्रेममध्ये त्याने खिडकीकडच्या लांब कुशनजवळून तीन बॉल सोडले होते आणि तिन्ही पॉकेटच्या अलीकडेच थांबले. मला वाटलं, हातात जोर नाही. तो जोर नव्हताच अजमावत. कूलरची ओली हवा दिवसभर त्या बाजूच्या कापडावर येत होती. कापड ओल धरतं, बॉल जड चालतो. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लावलेल्या कुठल्याही पार्लरमध्ये टेबलाची एक बाजू अशी असते. मी तिथे वर्षभर खेळत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. त्याने ते तीन बॉलमध्ये काढून घेतलं.

अशा खेळाडूला अमेरिकेत हसलर म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द मला सापडलेला नाही. ठग म्हणावं तर त्याचा खेळ खरा असतो, खेळाडू म्हणावं तर त्याचं हरणं खोटं असतं. पण एक शब्द आपल्याकडे असा आहे की तो त्यांच्या बोलीशी जाऊन मिळतो. गल्लीतल्या खेळात लहान पोराला आपण कच्चं लिंबू म्हणून घेतो. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. अमेरिकेच्या पूलरूममध्ये मुद्दाम गबाळं खेळून, नशिबाने जिंकल्यासारखं जिंकण्यालाही लिंबावरूनच शब्द पडला आहे. तिथे पक्का माणूस कच्चं लिंबू होऊन येतो.

नेड पोल्स्की नावाचा एक समाजशास्त्रज्ञ स्वतः पूल खेळणारा होता. त्याने पूलरूममध्येच बसून या लोकांचा अभ्यास केला, तो 1967 मध्ये पुस्तकात आला. खेळाडूची खरी ताकद, तिला ते लोक 'वेग' म्हणत. आणि त्यांचा पहिला नियम असा की आपला वेग कधीही दाखवायचा नाही. पोल्स्कीने टिपलेली एक बाब मला सगळ्यात जास्त लागली. हसलरला अवघड, देखणा शॉट समोर दिसत असतो. तो मारला तर सगळी खोली टाळ्या वाजवेल. तो मारायचा नाही, हाच त्याचा धंदा. त्यात दोन हसलर आपसात ठरवून खेळायचे, एक मुद्दाम हरायचा आणि बाहेरून पैसे लावणारे नागवले जायचे, हाही प्रकार त्याने नोंदवला आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये त्याला फिक्सिंग हे नाव फार नंतर ऐकू आलं.

पैज या खेळात मागाहून शिरलेली नाही. पूल हे नावच पैजेचं आहे. फ्रेंचमध्ये 'पूल' म्हणजे कोंबडी, आणि त्यावरूनच सगळ्यांनी मिळून मध्ये ठेवलेली रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तिथे टेबलं ठेवली, आणि नाव टेबलांना चिकटलं.

इथे नागपूरकराने जरा पुढे सरकून बसावं. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, त्याची राजधानी नागपूर. जबलपूर त्याच प्रांतात. 1875 च्या पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये ब्रिटिश अधिकारी टेबलाभोवती वेळ काढत होते. ते खेळायचे ते सगळे पैजेचे खेळ. 'लाइफ पूल'मध्ये प्रत्येकाचा एक बॉल आणि तीन प्राण. तुमचा बॉल कोणी पाडला की एक प्राण गेला आणि पाडणाऱ्याला पैसे द्यायचे. शेवटी उरेल त्याची मधली रक्कम. 'पिरॅमिड'मध्ये 15 लाल बॉल आणि बॉलमागे पैसे. डेव्हनशायर रेजिमेंटमधला नेव्हिल चेंबरलेन, वय 19, याने या खेळांना आणखी रंगीत बॉल जोडले. वुलविचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कॅडेटला 'स्नूकर' म्हणत. एकाने सोपा बॉल चुकवला तेव्हा चेंबरलेन त्याला स्नूकर म्हणाला, आणि मग म्हणाला की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. खेळाचं नाव ठरलं. पुढे तो उटीला गेला, तिथल्या क्लबात 1882 मध्ये नियम लिहून भिंतीवर लागले. 1885 मध्ये इंग्लंडचा बिलियर्ड्सचा विजेता जॉन रॉबर्ट्स कलकत्त्यात चेंबरलेनला भेटला आणि खेळ तिकडे घेऊन गेला.

म्हणजे आज टीव्हीवर शेफील्डहून दिसणारा, वेस्टकोट आणि बो घालून खेळला जाणारा स्नूकर हा आपल्या जुन्या प्रांतातल्या पैजेच्या टेबलावर जन्मला. आणि त्याच्या नावाचा अर्थ आहे नवशिका. कच्चं लिंबू.

अमेरिकेत हसलरांना एकदा उघड्यावर आणलं गेलं. इलिनॉय राज्यातल्या जॉन्स्टन सिटी या छोट्या गावात जँस्को बंधूंनी 1961 पासून हसलरांची स्पर्धा भरवली. आयुष्यभर खोट्या नावाने फिरलेली माणसं तिथे खऱ्या नावाने खेळायला आली. रात्री स्पर्धा संपली की मागच्या खोलीत खरे पैसे लागत. 1972 मध्ये सरकारी छापा पडला आणि ते बंद झालं. त्याच 1961 मध्ये वॉल्टर टेव्हिसच्या कादंबरीवरून पॉल न्यूमनचा 'द हसलर' चित्रपट आला. रुडॉल्फ वँडरोन नावाच्या एका गलेलठ्ठ, गप्पिष्ट खेळाडूने चित्रपटातला मिनेसोटा फॅट्स म्हणजे मीच, असं सांगत ते नावच घेऊन टाकलं. टेव्हिसने अखेरपर्यंत ते नाकारलं. पण जगभर नाव झालं ते फॅट्सचं. विली मोस्कोनी 15 वेळा जगज्जेता, 1954 मध्ये त्याने एका दमात 526 बॉल पाडलेले. तो गंभीर, नेटका माणूस, त्याला रस्त्यावर कोणी ओळखत नसे. 1978 मध्ये दोघांना टीव्हीवर समोरासमोर बसवलं, मोस्कोनी जिंकला. तरी लोकांच्या तोंडी फॅट्सच राहिला. मला हे अजूनही खुपतं.

त्यापेक्षा मला फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसची गोष्ट जवळची वाटते. 1985 मध्ये तो ह्यूस्टनला एका स्पर्धेत उतरला तो सेझार मोरालेस या नावाने, कारण त्याच्या खऱ्या नावाची कीर्ती जाणत्यांपर्यंत आधीच पोचली होती. पुढचे दात पडलेला, साधासुधा माणूस. त्याने ती स्पर्धा जिंकली आणि लपणं संपलं. 1996 मध्ये हाँगकाँगला अर्ल स्ट्रिकलंडशी आधी 120 रॅक जिंकण्याची लढत झाली, बक्षीस एक लाख डॉलर. रेयेसने ती 120-117 अशी काढली. 1999 मध्ये कार्डिफला तो नऊ-बॉलचा जगज्जेता झाला, स्वतःच्या नावाने.

वेशांतर करून, कला शिकून, मग स्वतःच्या नावाने पटावर बसणारा माणूस आपल्या विदर्भाला अनोळखी नाही. नळ द्यूतात भाऊ पुष्कराकडून सगळं हरला आणि बाहुक या नावाने, कुरूप सारथी होऊन, ऋतुपर्ण राजाकडे राहिला. ऋतुपर्णाला घेऊन तो दमयंतीच्या कुंडिनपूरला निघाला. परंपरा सांगते की ते वर्धा नदीकाठचं आपलं कौंडण्यपूर. त्या वाटेवर एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं ऋतुपर्णाने धावत्या रथातून मोजून सांगितली. नळाने रथ थांबवून ती पडताळली. मग दोघांनी विद्येची अदलाबदल केली, नळाने घोड्यांची दिली, ऋतुपर्णाने फाशांची. बेहड्याच्या फळांचेच तेव्हा फासे करत. नळाला बाहुक म्हणूनच पुष्कराकडे जाता आलं असतं. कुरूप सारथ्याला कोणीही कच्चं लिंबू समजून खेळायला घेतलं असतं. तो तसा गेला नाही. नळ म्हणून गेला, आव्हान दिलं, एका डावात राज्य परत घेतलं आणि पुष्कराला त्याचा वाटा देऊन सोडून दिलं. त्या दुपारनंतर मला ही कथा नव्याने कळली.

आता त्या मार्करबद्दल. बिलियर्ड्सच्या क्लबांमध्ये गुण मांडणारा, चॉक देणारा, कापड घासणारा तो मार्कर. साहेबाला जोडीदार मिळाला नाही की साहेबाशी खेळणाराही तोच. साहेब जिंकून घरी जावा, एवढा खेळ त्याने करायचा. म्हणजे वेग लपवणं त्याच्या नोकरीतच बसलेलं होतं, फक्त त्यातून त्याला पैजेचे पैसे मिळत नव्हते. आमचा म्हातारा असाच सिव्हिल लाइन्सच्या बाजूला उमेदीची वर्षं घालवून शेवटी धरमपेठेत आला होता. मी त्याला एकदाच खेळताना पाहिलं, दिवे बंद करायच्या आधी, एकटा. एका पाठोपाठ सगळे बॉल गेले, आणि पांढरी दर वेळी जणू कोणी हाताने नेऊन ठेवावी तशी. कुठे खेळलात, काय जिंकलात, विचारलं तर म्हणाला, "आमचं नाव कुठं लिवते, बाबू."

पुण्यात 1922 साली जन्मलेल्या विल्सन जोन्सचं नाव लिहिलं गेलं. 1958 मध्ये कलकत्त्यात तो हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. 1964 मध्ये न्यूझीलंडला पुन्हा झाला. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने नोव्हेंबर 2024 मध्ये दोह्याला आपलं 28 वं जागतिक विजेतेपद घेतलं. इतकी जगज्जेतेपदं घरात असलेल्या देशात हा खेळ म्हटला की आईबाप अजून दचकतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. माझे 600 गेलेच होते.

कायद्याने या खेळाला जुगार मानलेलं नाही. महाराष्ट्रात लागू असलेल्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं 13 वं कलम निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतं. ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर ठरतं तो जुगार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात सांगितलं आणि 1968 मध्ये रमीलाही तेच माप लावलं. पूलइतका कौशल्याचा खेळ दुसरा दाखवणं अवघड आहे. पण त्या टेबलावर माझ्यापुढे जे घडलं त्यात कौशल्य एका बाजूचं उघड होतं आणि दुसऱ्या बाजूचं झाकलेलं. खेळ कौशल्याचा म्हणून निर्दोष असेल, तशी पैज निर्दोष नसते. हे मी तेव्हाही म्हणालो असतो, आजही म्हणतो.

आणि पुढे वेग लपवणारा हा माणूस टेबलाशी येईनासाही झाला. तो फोनमध्ये आला. पैसे लावून पूल खेळवणारी ॲप्स निघाली आणि पोरं बोटाने काठी ओढू लागली. समोरचा कोण, त्याचा वेग काय, पांढरी खरंच त्याच्या हाताने थांबली की आतल्या हिशोबाने, काहीच दिसत नसे. जुलै 2023 मध्ये नागपूर पोलिसांकडे आलेलं प्रकरण इथे आठवतं. ते पूलचं नव्हतं, ऑनलाइन जुगाराचं होतं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली की त्याचे 58 कोटी रुपये गेले. ज्याच्यावर आरोप झाला तो गोंदियाचा. तक्रारीतला क्रम असा होता की आधी थोडं जिंकायला दिलं, मग मोठं काढलं. वीस रुपयांची फ्रेम हरणारा माणूस आणि ही 58 कोटींची गोष्ट यांत रकमेशिवाय मला काही फरक दिसत नाही. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला. त्याने पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच ठेवला नाही. फोनवरच्या खेळापुरता तो मला योग्य वाटतो. जिथे समोरच्याचा हात दिसत नाही तिथे कौशल्याची साक्ष द्यायची कोणी?

टेबलावर मात्र हात दिसतो. म्हणून टेबल वाचलं पाहिजे. लाकडाची चौकट, खाली दगडी पाटी, वर ताणलेलं कापड, नऊ फूट बाय साडेचार फूट. तिथे मुलगा शांत उभं राहायला शिकतो, कोन शिकतो, समोरच्याच्या पाळीला गप्प बसायला शिकतो.

त्या वसुली एजंटाला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्याचं नाव मला माहीत नाही. माझ्या पाहण्यातला तो विदर्भातला सर्वांत मोठा खेळाडू होता, आणि त्याची एकही फ्रेम कुठे नोंदलेली नाही. पैसे गेल्याचा राग कधीच विरला. इतका हात असलेला माणूस चुकण्याची कला करत गावोगाव फिरला, याचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही. त्याला कोणी वेळेवर जिंकणाऱ्याचं नाव लिहिणारा एक फळा दाखवला असता तर?

आमच्या त्या पार्लरच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पण नागपुरात अजून टेबलं आहेत, आणि विदर्भातल्या जिल्ह्याच्या गावांतही आहेत. त्यांच्या मालकांना माझी विनंती आहे. भिंतीवर एक फळा लावा. महिन्यातून एक रविवार स्पर्धा घ्या, प्रवेश फी टेबलाच्या तासाइतकीच ठेवा, आणि मार्करलाही खेळू द्या. हरेल त्याने तासाचे पैसे द्यावेत. जिंकेल त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, खडूने फळ्यावर लिहा आणि पुढच्या स्पर्धेच्या रविवारपर्यंत पुसू नका.